घास अडकतोय? मग गोळ्यांची पिशवी सोबत न्या

नागपुरात कुणाचा घास अडकू लागला की घरच्यांच्या मनात पहिल्यांदा येतो तो खर्रा. तसं येणं चूकही नाही. ज्या शहरात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून घ्यायला सकाळपासून माणसं उभी असतात, तिथे तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाची भीती उगीच वाटत नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा आखडते, तोंड पुरतं उघडत नाही आणि पुढे गिळायलाही त्रास होतो, हे इथल्या कुठल्याही दंतवैद्याला विचारा. म्हणून खर्रा खाणाऱ्या माणसाने, आणि खर्रा न खाताही पन्नाशी गाठलेल्या कुणीही, घास अडकायला लागल्यावर आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. यात वाद नाही. मला लिहायचं आहे ते त्या तपासणीत काहीच सापडत नाही तेव्हाबद्दल.

गाठ नाही, जखम नाही, रिपोर्ट नॉर्मल. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, ॲसिडिटीची गोळी सुरू होते आणि माणूस मात्र पोळीचा घास पाण्याने ढकलतच राहतो. कधी छातीच्या मधोमध गोळा बसल्यासारखं होतं, कधी घास वर येतो. दोन महिन्यांनी घरात कुणीतरी म्हणतं, "सगळं नॉर्मल आलंय, आता हे मनाचंच दिसतं." आणि ज्या प्रश्नाने गाठ सुटली असती तो प्रश्न राहूनच जातो: तुम्ही दुखण्यासाठी कोणती गोळी घेता, आणि किती महिन्यांपासून?

कारण दुखण्यावरच्या काही गोळ्या अन्ननलिकेची चाल बिघडवू शकतात. सगळ्या नव्हे. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचा या प्रकाराशी संबंध नाही. त्यांचे दुष्परिणाम वेगळे, पॅरासिटामॉलचे यकृतावरचे, बाकीच्यांचे जठर आणि मूत्रपिंडावरचे. इथे प्रश्न आहे अफूवर्गीय वेदनाशामकांचा, ज्यांना डॉक्टर ओपिऑइड म्हणतात. मॉर्फिन आणि फेंटॅनिल त्यातलेच, पण ती नावं ऐकून लोक स्वतःच सावध होतात. आपल्याकडे खरा खप आहे तो ट्रॅमाडॉलचा. कंबरदुखी, गुडघेदुखी, मणक्यातली गादी सरकणं, ऑपरेशननंतरचं दुखणं, अशा कशासाठीही ती लिहून दिली जाते, आणि बऱ्याचदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत मिसळून. त्यामुळे रुग्ण बिनधास्त सांगतो, "साधी पेनकिलर आहे." टॅपेन्टाडॉल याच कुळातली. पेंटाझोसिनचं इंजेक्शन याच कुळातलं. ब्युप्रेनॉर्फिनची त्वचेवर चिकटवायची पट्टी याच कुळातली, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही.

ओळखायचं कसं? पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, तेव्हापासून त्याच्या पाकिटावर डाव्या कोपऱ्यात लाल रंगात 'एनआरएक्स' ही अक्षरं छापलेली असतात. त्याआधी, २०१४ पासूनच, ते शेड्यूल एच-वन या यादीत आहे. म्हणजे दुकानदाराने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नाही, रुग्णाचं, डॉक्टरांचं आणि औषधाचं नाव नि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. कागदावर कायदा असा आहे. प्रत्यक्षात जुनं पाकीट फाडून "हीच द्या" म्हटलं की गोळी हातात पडते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता ही गोळी गिळण्यात कशी आडवी येते ते बघू. अन्ननलिका म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही, तो ढकलला जातो. वरून खाली आकुंचनाची लाट येते, आणि जठराच्या तोंडाशी स्नायूंचं जे कडं असतं ते नेमक्या वेळी सैल होतं. या दोन कामांची वेळ जुळवणारं नसांचं जाळं नळीच्या भिंतीतच असतं. त्यातल्या काही नसा स्नायूला आवळायला सांगतात, काही थांबायला आणि सैल पडायला. थांबायला सांगणाऱ्या नसांचा निरोप मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडमार्फत जातो. अफूवर्गीय औषध मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या प्रकारच्या जागांवर बसून वेदना दाबतं, तशाच जागा या जाळ्यातही आहेत. तिथे ते बसलं की 'थांब' हा निरोप दबतो. मग खालचं कडं पुरतं सैल होत नाही, आणि वरची लाट क्रमाने येण्याऐवजी घाईने, कधी नको तेवढ्या जोराने येते. दार अर्धवट उघडं आणि मागून रेटा, असा तो प्रकार. घास अडतो, छातीत दुखतं, पाणीसुद्धा कधी थांबून थांबून उतरतं.

याच औषधांनी बद्धकोष्ठता होते हे डॉक्टर सांगतात आणि सोबत इसबगोल किंवा रेचक लिहून देतात. तिथेही कारण तेच: आतड्याच्या भिंतीतलं तसंच जाळं. अफूने पोट बांधून येतं हे जुन्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं, जुलाबावर अफू देत ते त्याचसाठी. मग तीच औषधं वरच्या नळीलाही धरतात, हे सांगायला आपण इतका उशीर का केला? माझ्या मते कारण साधं आहे. शौचाची तक्रार रुग्ण आठवड्याभरात करतो. गिळण्याचा त्रास हळूहळू येतो, माणूस घास बारीक करतो, भाकरी सोडून खिचडीवर येतो, लग्नाच्या पंगतीला जाणं टाळतो, आणि या सगळ्याचा गोळीशी संबंध जोडावा असं त्याला वाटतच नाही.

डॉक्टरांचंही या प्रकाराकडे नीट लक्ष गेलं ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी (नागपूरकरांनी गल्लत करू नये, आपलं मेयो म्हणजे इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, ते निराळं) दीर्घकाळ अफूवर्गीय औषधं घेणाऱ्या १५ रुग्णांच्या अन्ननलिकेच्या चालीतला बिघाड लिहून काढला. २०१५ मध्ये त्याच संस्थेतून आणखी पुढची पाहणी आली. अशी औषधं कायम घेणारे १२१ रुग्ण होते. काहींची तपासणी औषध अंगात असताना झाली, काहींची किमान २४ तास थांबवून. खालच्या तोंडाशी अडथळा पहिल्या गटात २७ टक्के जणांत दिसला, दुसऱ्यात ७ टक्के जणांत. २०१९ च्या आणखी एका अभ्यासात असेच २२५ रुग्ण होते आणि त्यातल्या सुमारे २४ टक्के जणांत हा बिघाड सापडला. ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन घेणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं, ट्रॅमाडॉल घेणाऱ्यांत १२ टक्के. मात्रा जास्त तसा धोका जास्त, हेही दिसलं.

हे आकडे वाचून घाबरू नका. ती सगळी माणसं कसली ना कसली तक्रार घेऊनच तपासणीला आलेली होती. ट्रॅमाडॉल घेणाऱ्या दर शंभरातल्या बारा जणांचा घास अडकेल, असा याचा अर्थ होत नाही. शिवाय ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आपल्याकडे फारसे वापरातच नाहीत. चार-पाच दिवस घेतलेल्या गोळीचीही ही गोष्ट नव्हे. हा त्रास दिसतो तो साधारण तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ रोज औषध घेणाऱ्यांत.

खरं नुकसान पुढच्या टप्प्यावर होतं. दुर्बिणीत काही दिसलं नाही की चांगला पोटविकारतज्ज्ञ बेरियमचा एक्स-रे किंवा मॅनोमेट्री सांगतो. मॅनोमेट्रीत नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात, पाण्याचे घोट गिळायला लावतात आणि आतला दाब मोजतात. दुखत नाही, ओकारी मात्र येते. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बैतूल इथून त्यासाठी माणसं नागपूरला येतात, मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटीत नाही तर धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत. अशा लांबून आलेल्या रुग्णाची जुनी चिठ्ठी गावी राहिलेली असते आणि गोळीचं नाव "ती पांढरी, लांबट" एवढंच माहीत असतं. तपासणीत अडथळा दिसतो, आणि तो अकॅलेशिया नावाच्या आजारासारखा दिसतो, ज्यात हेच कडं सैल होत नाही. खरा अकॅलेशिया दुर्मिळ, वर्षाला लाखात साधारण एखादा. त्यात नसाच नष्ट झालेल्या असतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. म्हणून उपचार म्हणजे फुग्याने कडं ताणणं, किंवा तोंडातून दुर्बीण घालून आतला स्नायू कापणं. या दुसऱ्या पद्धतीला पोएम म्हणतात. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी ती २००८ मध्ये पहिल्यांदा माणसावर केली, आणि खऱ्या अकॅलेशियात ती उत्तम आहे. पण बिघाड गोळीचा असेल तर? गोळी कमी केल्यावर किंवा बदलल्यावर काही जणांची चाल सुधारते, तक्रार जाते. कापलेला स्नायू मात्र परत जोडला जात नाही.

म्हणूनच अन्ननलिकेच्या बिघाडांचं जे शिकागो वर्गीकरण जगभर वापरलं जातं, त्याच्या चौथ्या आवृत्तीत मॅनोमेट्री शक्य असेल तिथे अफूवर्गीय औषध थांबवून करा, असं सुचवलं आहे. औषध किती आधी थांबवायचं ते औषधानुसार बदलतं, आणि ते डॉक्टरच सांगणार. पण डॉक्टरांनी सांगायचं तर त्यांना आधी कळायला हवं ना.

आणि आपण सांगत नाही. का नाही, यावर थोडं थांबायला हवं.

काही जणांना ठाऊकच नसतं. गोळी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, घास अडकतो म्हणून गेलो पोटाच्या डॉक्टरांकडे, मग कंबरेची गोष्ट तिथे कशाला काढायची? काही जण सासऱ्यांच्या नावावरची गोळी स्वतः खात असतात. ट्रकवर दिवसरात्र काढणाऱ्यांना, मजुरी करणाऱ्यांना ती गोळी अंगदुखीही घालवते आणि कामही ओढून नेते. नंतर ती सुटत नाही, आणि घरी सांगता येत नाही. आणि आता वर्तमानपत्रांत येतं त्याने लाज आणखी वाढली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जाणाऱ्या टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या मिश्र गोळ्यांचं प्रकरण बाहेर आलं, आणि केंद्राच्या औषध नियंत्रकांनी त्या मिश्रणाच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी मागे घ्यायला लावली. ते योग्यच झालं. पण अशा बातम्यांनंतर कंबरदुखीची आजी गोळीचं नाव आणखी दडवते. आजीबाई, चिठ्ठीवर लिहून दिलेली गोळी घेणं हा गुन्हा नाही. डॉक्टरांना ती सांगितल्याने कुणी पोलीस बोलावत नाही.

विदर्भात आणखी एका घरात ही गोष्ट वेगळी आहे: सिकलसेलच्या घरात. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केली होती. आपल्या या भागात हा आजार किती आहे हे सांगण्यात संपत रामटेके यांच्यासारख्यांचं आयुष्य गेलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सिकलसेलचा पूर्ण आजार असलेल्या (एसएस पॅटर्नच्या) मुलाला क्रायसिस, म्हणजे वेदनेचा झटका, येतो तेव्हा हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात आणि तिथे ट्रॅमाडॉल किंवा त्याहून कडक औषध लागतंच. ते मागणाऱ्या पोराकडे "याला सवय लागली" अशा नजरेने बघणं हा त्याच्यावर अन्याय आहे. क्रायसिसपुरतं औषध घ्यावं, घाबरू नये. पण क्रायसिस गेल्यावरही महिनोन् महिने रोज गोळी चालू असेल आणि घास अडू लागला असेल, तर दोन गोष्टी विचारा. हायड्रॉक्सियुरिया नियमित चालू आहे का, कारण त्याने क्रायसिसच कमी होतात. आणि रोजची गोळी खरंच अजून लागते का. सिकलसेलच्या रुग्णाची छाती दुखली तर मात्र "अन्ननलिकेचं असेल" म्हणून घरी बसू नका. सोबत ताप किंवा धाप असेल तर तो जिवावरचा प्रसंग असू शकतो, लगेच रुग्णालय गाठा.

ज्याला उलट भीती वाटते त्याच्यासाठीही लिहायला हवं. तुकडोजी कॅन्सर रुग्णालयातून किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधून मॉर्फिन घेऊन घरी आलेल्या रुग्णाचे नातेवाईक हा लेख वाचून बाटली कपाटात ठेवून देतील, ही माझी खरी काळजी. तसं करू नका. भारत औषधासाठी अफू पिकवणारा देश, शेजारच्या मध्य प्रदेशात नीमचला सरकारी कारखाना, आणि तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धास्तीने देशातला मॉर्फिनचा वापर १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोवर आला होता. कर्करोगाचे किती रुग्ण तळमळत गेले असतील त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. २०१४ मध्ये कायदा बदलून वाट थोडी मोकळी झाली. कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिनला तोड नाही. गिळायला त्रास झाला तर डॉक्टर मात्रा बदलतील, औषध बदलतील, पट्टी देतील. वेदनेत ठेवणं हा उपाय नव्हे.

आणि हे वाक्य घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा: गोळी एकदम बंद करायची नाही. महिनोन् महिने घेतलेलं अफूवर्गीय औषध अचानक थांबवलं की घाम, जुलाब, अंगात कळा, झोप उडणं, जीव कासावीस होणं, हे सगळं येतं. गिळण्याचा त्रास बरा वाटावा इतका हा त्रास असतो. औषध टप्प्याटप्प्याने उतरवायचं, किती दिवसांत ते दिलेल्या डॉक्टरांशी बोलून. कंबरेला दुसरं औषध, व्यायाम, फिजिओथेरपी यांची सोय त्याच वेळी लावायची, नाहीतर दुखणं वर येतं आणि माणूस पुन्हा त्याच दुकानात उभा राहतो.

घास अडकण्याची तक्रार सांगताना एक गोष्ट नीट आठवून सांगा. आधी फक्त भाकरी, मटण असं घट्ट अडायचं आणि मग हळूहळू पातळही अडू लागलं, तर नळीत काही वाढतंय किंवा ती अरुंद होतेय असा संशय घ्यावा लागतो. पहिल्यापासून घट्टही अडतं आणि पाणीही, तर चालीचा बिघाड असण्याची शक्यता जास्त. हा फरक एवढा उपयोगी आहे की डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. वजन उतरत असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली, रात्री घास वर येऊन ठसका लागत असेल, तर उद्यावर टाकू नका. घास अडकून थुंकीसुद्धा गिळता येत नसेल तर त्याच रात्री रुग्णालय. आणि छातीत दाबल्यासारखं दुखणं पहिल्यांदाच आलं असेल तर आधी हृदयाची तपासणी, गोळीचा विचार नंतर.

तोवर बसून जेवा, घास लहान घ्या, भाजी-वरणात पोळी भिजवा, गोळी कोरडी गिळू नका, ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका. याने त्रास जाणार नाही, जेवण मात्र होईल.

औषधाच्या दुकानदारांना एक विनंती. एच-वनची वही तुम्ही भरताच. एकाच नावापुढे तीच गोळी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसली, तर गिऱ्हाईकाला एवढंच विचारा, "काका, जेवताना घास अडत तर नाही ना?" वर्षातून एकदा डॉक्टर दिसणाऱ्या माणसाला तुम्ही महिन्यातून एकदा दिसता.

ज्यांना गोळी सोडवत नाही आणि घरी बोलता येत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. बाकीच्यांनी डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, एका पिशवीत भरा. सोबत खोकल्याची बाटली, त्वचेवरच्या पट्टीचं वेष्टन, इंजेक्शनची जुनी चिठ्ठी, जे असेल ते घ्या. आणि ती पिशवी रिपोर्ट दाखवायच्या आधी टेबलावर ठेवा.